मला आयतं काय मिळालं

१२ जुलै, शनिवार

राघोने आज परत भर सभेत तेच विचारलं. शेठच्या पैशाने शेठवर टॅक्स मागताय, उद्या शेठने पैसे बंद केले तर? कळव्यातला छोटा हॉल, साठेक माणसं. राघो जुना युनियनवाला, सत्तरी ओलांडलेला. प्रत्येक सभेला येतो, पुढच्या खुर्चीत बसतो, आमचाच चहा पितो आणि आमचीच उतरवतो. माझं उत्तर ठरलेलं आहे. म्हटलं, राघोभाऊ, आग विझवायला बंब आला की पाणी कुणाच्या विहिरीचं हे विचारत बसायचं का? लोक हसले. राघो हसला नाही. "विहीर कुणी आटवली, ते तरी विचारशील?" म्हणाला.

आटवली हरिहरशेठनी. मानपाड्याच्या एमआयडीसीत त्यांचा रंगाचा कारखाना होता. ते गेले, मुलीने — क्षिप्राने — कारखाना विकला आणि त्या पैशातून प्रतिष्ठान काढलं. आता बापासारख्यांवर कर बसवा म्हणून ती पैसे देते! शंभर कोटींच्या वर मालमत्ता असलेल्यांनी दर वर्षी त्यातले दोन टक्के सरकारला द्यावेत, त्यातून शाळा आणि दवाखाने चालावेत. एवढंच मागणं. म्हणून नाव 'दोन टक्के मोहीम'. मी तिचा ठाणे-कल्याणचा समन्वयक. चार वर्षं माझं घर या पैशावर चालतंय, आणि मोहीम मला मनापासून पटते. दोन्ही खरं आहे.

क्षिप्राचा एक नियम आहे. बोलायला उभं राहणाऱ्याने पहिलं वाक्य एकच म्हणायचं — मला आयतं काय मिळालं. न कमावता, जन्माने. मग श्रोत्यांतल्या तिघांना माईक द्यायचा, त्यांनीही सांगायचं. ती स्वतः असली की सांगते, "मला आयतं मिळालं — कारखाना, दोन बंगले आणि इंग्रजी." माझं वाक्य, "मला आयतं मिळालं — वडिलांची सायकल आणि आईचा आवाज. सायकल चोरीला गेली." हशा. चार वर्षं तोच विनोद, अजून चालतो.

१३ जुलै

राघोला काय सांगायचं ते अजून सुचलेलं नाही.

२० जुलै, रविवार

वर्तकनगरला जाऊन नवं घर बघून आलो. कॉलनीतली आईबाबांची वन रूम किचन पाडली, तिथे टॉवर उभा राहिला. दोन वर्षं कळव्यात भाड्याने काढली, दिवाळीला चावी मिळणार. सातवा मजला, दोन बेडरूम. मंदा सारखी ओट्यावरून हात फिरवत होती. आर्यनने खिडकीतून येऊरचा डोंगर दिसतो म्हणून वीस फोटो काढले. पोरगा चोवीस वर्षांचा, पण उड्या मारायचाच बाकी होता.

जागा बाबांची. बाबांनंतर आईची. आईनंतर रतनताईची आणि माझी, निम्मी निम्मी. कुठे बोलत नाही म्हणून इथे लिहितो. आई गेली त्याच्या पुढच्या वर्षी सोसायटीवाले मागे लागले, वारस एकच असला की कागद सुटसुटीत होतात. मी ताईला फोन केला. हक्कसोडीवर सही करशील का, पद्धत आहे तशी. पद्धत! 'पद्धत' हा शब्द माझा. कॉलनीतल्या सगळ्या बहिणींनी केली तशी तीही आली, मानपाड्याहून दोन बस बदलून. निबंधकाच्या ऑफिसात मशीनवर अंगठा टेकवला, फोटो काढून घेतला, सही केली. काही विचारलं नाही. बाहेर आल्यावर मी तिला पैठणी दिली. खोक्यात, दुकानाच्या पिशवीत. संध्याकाळी तिचाच फोन आला, रंग छान आहे रे. केवढं बरं वाटलं होतं मला! अजूनही कधी मन खायला उठलं की तेवढं आठवतो. रंग आवडला होता तिला.

आई शेवटची चार वर्षं ताईकडे होती. मी सभांना, तेव्हा दुसऱ्या संघटनांच्या.

२ ऑगस्ट, शनिवार

मानपाड्याला सभा. ताई राहते तिथून दहा मिनिटांवर. मी तिला सांगितलं नव्हतं. का नव्हतं, ते मला माहीत आहे.

महिला मंडळाच्या बायका एकदम आल्या, वीस-पंचवीस. त्यांच्यात ताई. तिसऱ्या रांगेत बसली, पदर खांद्यावरून घेऊन, आईसारखी ताठ. मी उभा राहिलो. माईक सुरू. वाक्य तोंडात तयारच होतं, आलं बाहेर. वडिलांची सायकल, आईचा आवाज. सायकल चोरीला गेली. हॉल हसला. ताईपण हसली.

मग श्रोत्यांची पाळी. पहिल्या बाईने सांगितलं, मला आयता दमा मिळाला, बाप केमिकल कंपनीत होता. दुसऱ्या माणसाने गावचं आंब्याचं झाड सांगितलं. आमच्या कार्यकर्तीला काय माहीत! तिने माईक नेऊन ताईच्याच हातात दिला. ताई आधी नको नको म्हणाली, मग उभी राहिली.

"मला आयतं काही मिळालं नाही असं कसं म्हणू? मला भाऊ मिळाला. चांगला बोलतो."

टाळ्या. काहींनी मागे वळून बघितलं, हिचा भाऊ कोण. तिने माझ्याकडे बोट केलं नाही. बसली. पुढची चाळीस मिनिटं मी काय बोललो ते आठवत नाही. कर, शाळा, दवाखाना — सगळं बोललो असणार, कारण शेवटी लोकांनी निवेदनावर सह्या दिल्या.

९ ऑगस्ट, शनिवार. राखी

ताई आली होती. नारळाच्या वड्या घेऊन. म्हणाली, तुझा आवाज आईचाच आहे, ते खरं सांगितलंस. मी विचारलं, ताई, राग नाही ना आला? "कशाचा?" म्हणाली आणि मंदाला वडीत वेलची जास्त झाली का विचारायला लागली. प्राचीचं, म्हणजे तिच्या मुलीचं, लग्न डिसेंबरात ठरलंय. मुलाकडचे कल्याणचे, माणसं चांगली पण चौकस. आईकडून काय, मामाकडून काय, सगळं विचारतात. मी त्यांना सांगून टाकलंय, म्हणाली, मामा भक्कम आहे. काय सांगितलं असेल, ते मी विचारलं नाही.

सांगायचं होतं. सांगितलं नाही. वड्या चार खाल्ल्या.

१७ ऑगस्ट

मंदाला सांगितलं, निम्मं ताईला परत द्यावं असं वाटतं. ती भाजी निवडत होती, निवडतच राहिली. मग विचारलं, ताईंनी मागितलं का? नाही. मग? आर्यनचं काय करायचं, त्याने संसार कुठे मांडायचा, हे सगळं तिने बोलून घेतलं आणि त्यात चूक काही नव्हतं. शेवटी ताट उचलून आत जाताना म्हणाली, "तुला द्यायचं असेल तर त्यांच्याशी बोल. माझ्याशी कशाला बोलतोस? मी नाही म्हटलं की तू सुटलास, म्हणून?"

पंचवीस वर्षं भाषणं ऐकली बिचारीने. एका वाक्यात माझं पोस्टमॉर्टेम करून टाकलं.

३ सप्टेंबर

वकिलाकडे गेलो. हक्कसोड मागे फिरत नाही म्हणाला. बक्षीसपत्र करा, निम्मं तिच्या नावे. तिनेही ते स्वीकारलं पाहिजे, सही तिचीही लागते. मसुदा करून घेतला. चार पानं. पिशवीच्या मधल्या कप्प्यात ठेवली आहेत.

४ ऑक्टोबर

अजून मधल्याच कप्प्यात.

२० ऑक्टोबर

चावी मिळाली. मंदाने उंबऱ्यावर रांगोळी काढली. ताईला फोन केला, ये बघायला. म्हणाली, लग्नाच्या गडबडीतून मोकळी झाले की येते.

२३ ऑक्टोबर. भाऊबीज

आज द्यायचंच ठरवून गेलो होतो. ओवाळून झालं की तबकात पाकिटाऐवजी ते कागद ठेवायचे, असं मनात चित्र रंगवलं होतं. रस्ताभर मीच ते चित्र बघत होतो. ताई रडेल, मी म्हणेन अगं वेडे, तुझंच आहे ते. त्या चित्रात मी फार चांगला दिसत होतो!

गेलो तर प्राचीच्या सासरचे बसलेले. सासू, सासरे आणि एक आत्या. ताईने ओवाळलं. आत्याबाईंची नजर तबकावर. मी पाकीट ठेवलं, दरवर्षीचं. पाहुण्यांसमोर असले कागद कसे काढणार? पण खरं सांगायचं तर पाहुणे बघून मला हायसं वाटलं. पाहुणे नसते तर दुसरं काहीतरी सापडलं असतं.

निघताना विश्रामभावोजी खालपर्यंत सोडायला आले. भावोजी कमी बोलतात. नवं घर कसं आहे विचारलं. म्हटलं, उजेड खूप येतो.

८ नोव्हेंबर, शनिवार

आज बोललो! सगळं बोललो.

ठाण्यात वार्षिक मेळावा होता. दोनशे माणसं. दिल्लीहून दुसऱ्या एका प्रतिष्ठानाचे लोक आलेले, मोहिमेला पुढची तीन वर्षं पैसे मिळणार की नाही ते त्यांच्यावर. माझ्या आधी क्षिप्रा बोलली. कारखाना, दोन बंगले, इंग्रजी झालं, आणि मग पुढे म्हणाली, वडिलांच्या कारखान्यातल्या माणसांना मिळालेले आजारही त्याच हिशेबात धरले पाहिजेत, ते मला आयते मिळाले नाहीत, त्यांना मिळाले. पुढच्या रांगेत राघोने मान खाली घातली. त्याचा भाऊ तिथेच कामाला होता.

मग मी. तोंडात सायकल आली होती. आणि का कोण जाणे, माझ्याच्याने बोलवेना. म्हटलं, मला आयतं मिळालं ते एक घर. आईवडिलांचं. निम्मं बहिणीचं होतं. पद्धत आहे म्हणून तिच्याकडून सही घेतली आणि बदल्यात एक साडी दिली. चार वर्षं इथे उभा राहून तुम्हाला सायकल सांगत आलो. ते निम्मं मी तिला परत देणार आहे. शंभर कोटीवाल्याला दोन टक्के मागायचं तर मला आधी माझे पन्नास द्यायला हवेत.

लोक उभे राहिले. उभे! दिल्लीच्या एक बाई डोळे पुसत होत्या. मला वाटलं, सुटलो.

१० नोव्हेंबर, सोमवार

क्षिप्राचा फोन. भाषणाचं चित्रण फार चांगलं झालंय, मोहिमेच्या पानावर टाकू का? मग तिने विचारलं, "सुदेशदादा, ताईंशी बोलला आहात ना? त्यांना चालेल ना?"

मी हो म्हटलं.

का म्हटलं? रविवारी जाणारच होतो म्हणून. कागद घेऊन जायचं, सांगायचं, मग चित्रण येऊ दे. पाच-सहा दिवसांचा तर प्रश्न. 'हो' केवढं पटकन आलं तोंडातून! सायकलसारखंच.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आज टाकलं. रविवारच्या आधी.

१५ नोव्हेंबर

फोन थांबत नाही. शाळेतले मास्तर, कॉलनीतले जुने शेजारी, कुणीकुणी. वा सुदेश, हिंमत लागते. आर्यनच्या ऑफिसात बघितलं म्हणे. त्याचा चेहरा नेमका कसा होता ते कळलं नाही. बाबा, आम्हाला आधी सांगायचंत, एवढंच म्हणाला.

राघोचाही फोन. म्हणाला, आज पहिल्यांदा तुझं भाषण आवडलं. मग विचारलं, बहिणीला दिलंस का? म्हटलं, उद्या जातोय. राघो म्हणाला, अरे, आधी बहीण, मग माईक. एवढं तर आमच्या अडाणी युनियनला पण कळत होतं.

ताईला चार वेळा फोन लावला. वाजून बंद होतो.

१६ नोव्हेंबर, रविवार

मानपाड्याला गेलो. कागद घेऊन. ताई घरात होती, आत. बाहेर आली नाही. प्राचीने पाणी दिलं आणि तीही आत गेली. भावोजी आणि मी समोरासमोर बसलो. टीव्ही बंद होता.

मी म्हटलं, भावोजी, कागद आणलेत. तिचं निम्मं. त्यांनी कागदांकडे बघितलंसुद्धा नाही. आयुष्यात पहिल्यांदा ते माझ्याशी एवढं बोलले, म्हणून जसंच्या तसं लिहून ठेवतो.

"सुदेश, तिने सही केली त्या दिवशी घरी येऊन मला काय सांगितलं माहीत आहे? म्हणाली, भावाने माझा वाटा मला दिला. रोख दिला, मी बँकेत टाकला. माझ्या भावांना तेच सांगितलं, शेजारणींना तेच, आता प्राचीच्या सासरी पण तेच. पाच वर्षं तिने तुझं नाव राखलं. मी पण तेच खरं धरून चाललो होतो. परवा त्या आत्याबाईंनी आम्हाला मोबाइलवर दाखवलं."

मी म्हटलं, मला माहीत नव्हतं. ते म्हणाले, तुला कसं माहीत असणार, तू विचारलंस कधी?

ती रागावली आहे का, विचारलं. नाही म्हणाले. रागावली असती तर बरं होतं. लग्न मोडत नाहीये, काळजी करू नको. त्या लोकांनी एवढंच विचारलं की अजून काय काय खोटं सांगितलंत. तेव्हा ती उठून आत गेली.

आतून कुकरच्या शिट्ट्या येत होत्या. मी दाराशी जाऊन ताई, ताई म्हणून दोनदा हाक मारली. मोठ्याने नाही. तिसरी शिट्टी झाल्यावर गॅस बंद केल्याचा आवाज आला, म्हणजे दारापलीकडेच होती.

कागद परत घेऊन आलो. तिची सही लागते.

१८ नोव्हेंबर

क्षिप्राला खरं सांगितलं. की मी विचारलं नव्हतं. ती म्हणाली, तुम्ही मला हो म्हणाला होतात. आवाज चढला नव्हता. एवढंच वाक्य, पण मला दिवसभर पुरलं. संध्याकाळपर्यंत तिने चित्रण काढून टाकलं. पण ते आता घरोघरच्या व्हॉट्सअॅपवर आहे, कुठून कुठून काढणार! ताईकडे येऊन माफी मागू का, असंही तिने विचारलं. नको म्हटलं. तिची काय चूक? मी तिला शेठची पोरगी म्हणून मनात नेहमी एक पायरी खाली ठेवत आलो. हिचं बोलणं सोपं आहे, हिला काय जातंय, असं. पण ती जे सांगते ते स्वतःचं सांगते. मी ताईचंही सांगून टाकलं. माझी लाज माझी होती, पण तिने पाच वर्षं झाकलेलं उघडं करायचा मला काय अधिकार होता? सही निदान मागून घेतली होती, हे तर न विचारताच घेतलं.

२१ नोव्हेंबर

दिल्लीवाल्यांनी तीन वर्षं मंजूर केली. पत्रात माझ्या भाषणाचा खास उल्लेख आहे. मंदाने वाचलं आणि घडी घालून फ्रिजवर ठेवलं. अभिनंदन वगैरे कुणी म्हटलं नाही.

२३ नोव्हेंबर

मंदा म्हणाली, बेडरूम दोन आहेत, एक ताईंची म्हणू या. आपण बोलून काही उपयोग नाही, पण म्हणू या. मला रडू आलं. तिने बघितलं नाही असं दाखवलं.

२८ नोव्हेंबर

फोन उचलत नाही. मेसेज केला — ताई, कागद तयार आहेत, तू म्हणशील तेव्हा येतो. दोन निळ्या खुणा आल्या. बस.

३० नोव्हेंबर, रविवार

प्राची आली होती, लग्नाची पत्रिका घेऊन. नवं घर पहिल्यांदाच बघत होती, पण बसली नाही. पत्रिकेला हळदकुंकू लावलेलं, रीतीप्रमाणे. मामामामींनी नक्की यायचं, म्हणाली. मग खांद्यावरच्या पिशवीतून एक पिशवी काढून टेबलावर ठेवली. "आई म्हणाली, आयतं मिळालेलं एवढंच होतं. ते परत दे."

ती गेल्यावर बघितलं. तीच दुकानाची पिशवी. तोंडाला पिन मारलेली, पिनेत बिल. पिन गंजली आहे. आत खोकं, चारही बाजूंनी चिकटपट्टी, कुठेही न उचललेली.

तिने रंग बघितलाच नव्हता.